आत्यांना ‘लघवीची तपासणी’ म्हणून सांगू का?

पलूस तालुक्यातल्या एका सूनबाईंचं पत्र आलं आहे. थोडं आटोपतं करून देते:

‘सिस्टर, माझ्या सासूबाई ६३ वर्षांच्या आहेत. आम्ही त्यांना आत्या म्हणतो. पाळी जाऊन तेरा-चौदा वर्षं झाली. गेल्या दिवाळीच्या आसपास त्यांची धाकटी जाऊ पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरनं गेली. कळलं तेव्हा हाताबाहेर गेलं होतं. तेव्हापासून माझ्या मनात धास्ती आहे, घराण्यात आहे की काय अशी. आत्यांनी आयुष्यात कधी ही तपासणी केलेली नाही. विषय काढला की म्हणतात, “मी पंढरीची वारी पायी करते, मला काय धाड भरलीय? आणि या वयात कुणापुढं कपडे वर करू?” मैत्रीण सांगत होती की आता बाईनं आपला आपण नमुना घ्यायची तपासणी निघाली आहे. ती खरी असते का? या वयात तिचा उपयोग काय? आणि पॉझिटिव्ह आली तर भावकी काय काय बोलेल? मामांना, म्हणजे सासऱ्यांना, जाऊन सहा वर्षं झाली. मिस्टर म्हणतात, आईशी हे बोलायला मला लाज वाटते, तूच बघ. आत्यांना “लघवीची तपासणी आहे” असं सांगून नमुना घेऊन टाकू का?’

सूनबाई, शेवटच्या प्रश्नापासून सुरू करते, कारण पत्र लिहायला तुम्ही बसलात ते त्यासाठीच, असं मला वाटतं. नको. असं करू नका.

एक तर ते जमणार नाही. लघवीच्या तपासणीला डबी देतात, ब्रश लावलेली काडी देत नाहीत. चार बाळंतपणं काढलेल्या बाईला काडी कुठं घालायची आहे हे कळल्यावर ही लघवीची तपासणी नाही, हे कळायला कितीसा वेळ लागणार? आणि समजा जमलं, नमुना गेला आणि उत्तर पॉझिटिव्ह आलं, तर पुढं मिरजेला नाहीतर कऱ्हाडला नेऊन टेबलावर झोपवावं लागेल. तेव्हा काय सांगाल? एका खोट्याला दुसरं खोटं लावायची वेळ आली की आत्या तुमच्यावरचा विश्वास काढून घेतील, आणि नेमका त्याच दिवशी तो लागणार आहे.

आता आत्यांच्या बाजूनं थोडं बोलते. मी एकतीस वर्षं सिस्टर म्हणून काढली, त्यातली बरीचशी बायकांच्या ओपीडीत. नऊवारी नेसणारी साठीची बाई टेबलापाशी आली की आधी काष्टा सोडावा लागतो. त्या एका गोष्टीला किती वेळ लागतो ते मी पाहिलं आहे. हात थरथरतात, निरी सुटते, बाहेर पुढचा नंबर पुकारलेला असतो. एका दवाखान्यात तर टेबलासमोरच्या खिडकीला पडदा नव्हता. दोन वर्षं मागून शेवटी मी घरची जुनी चादर नेऊन बांधली. ‘पाय सैल सोडा, आजी, सैल सोडा’ म्हणून मीही ओरडले आहे. आज लाज वाटते. पाळी गेल्यावर आतली कातडी कोरडी आणि पातळ होते, स्पेक्युलम म्हणजे ते चिमट्यासारखं अवजार खरोखर दुखतं. आजी नाटक करत नव्हत्या. त्यातल्या कितीतरी परत आल्याच नाहीत. म्हणून आत्या जे म्हणतात त्याला नुसता हट्ट म्हणू नका.

आणि नेमकी ही अडचण स्वतः नमुना घेण्यानं बरीचशी मिटते. तुमची मैत्रीण बरोबर सांगते.

हा कॅन्सर जवळजवळ नेहमी एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे होतो. त्याच्या पुष्कळ जाती आहेत. त्यातल्या १६ आणि १८ या दोनच जाती शंभरातल्या सत्तरएक कॅन्सरला कारण ठरतात. विषाणू आत मुक्काम ठोकून बसला, तर पेशी बिघडून कॅन्सर व्हायला बहुधा दहा-वीस वर्षं जातात. त्यामुळे पकडायला वेळ असतो. नव्या तपासणीत पेशी बघत नाहीत, विषाणूचा डीएनए शोधतात. तो योनीतल्या स्रावातही सापडतो, त्यामुळे काडी थेट पिशवीच्या तोंडाला टेकावीच लागते असं नाही. म्हणून बाईनं स्वतः घेतलेला नमुना चालतो. पीसीआर पद्धतीच्या चाचणीत असा नमुना डॉक्टरांनी घेतलेल्या नमुन्याच्या जवळपास बरोबरीनं दोष पकडतो. पॅप स्मिअरला, म्हणजे पेशी बघायच्या जुन्या तपासणीला, मात्र तो चालत नाही, तिथं पेशी तोंडावरूनच खरवडाव्या लागतात. जागतिक आरोग्य संघटनेनं स्वतः घेतलेल्या नमुन्याला मान्यता दिली आहे, आणि ऑस्ट्रेलियात २०२२ पासून २५ ते ७४ वयाच्या प्रत्येक बाईला डॉक्टरकडून घ्यायचा की स्वतः, हे तिचं तिला ठरवता येतं. तेव्हा घरी घेतलेला नमुना म्हणजे गरिबाघरची तडजोड, असं कुणी म्हणालं तर ऐकू नका.

लांबचं कशाला, या चाचणीचा मोठा पुरावा आपल्या शेजारचा आहे. उस्मानाबाद, म्हणजे आताचं धाराशिव. तिथल्या गावांमधल्या ३० ते ५९ वयाच्या सव्वा लाखाहून जास्त बायका एका अभ्यासात होत्या. बार्शीचं कॅन्सर हॉस्पिटल आणि मुंबईचं टाटा त्यात होतं. २००९ साली निकाल छापून आला. आयुष्यात एकदाच एचपीव्हीची तपासणी दिलेल्या गटात, आठ वर्षांत, या कॅन्सरनं होणारे मृत्यू निम्म्यावर आले. पिशवीच्या तोंडाला व्हिनेगर लावून बघण्यानं किंवा पॅप स्मिअरनं त्या अभ्यासात तेवढा फरक दिसला नव्हता. तिथं नमुने आरोग्य कर्मचाऱ्यांनी घेतले होते, बायकांनी नव्हे, हेही सांगून ठेवते. ज्वारी-तुरीच्या रानात राबणाऱ्या आपल्यासारख्याच बायका होत्या त्या.

वयाचं म्हणाल तर आत्यांच्या वयाला हीच तपासणी जास्त बरी. आपल्या सरकारी कार्यक्रमात ३० ते ६५ वयाच्या बायकांची दर पाच वर्षांनी व्हिनेगरची तपासणी ठरलेली आहे. सिस्टर पिशवीच्या तोंडाला ॲसेटिक ॲसिड लावते आणि बॅटरीच्या उजेडात पांढरा डाग उठतो का बघते. तरण्या बाईत ते ठीक. पाळी गेल्यावर मात्र जिथं बिघाड सुरू होतो तो भाग तोंडाच्या आत सरकतो, बाहेरून दिसतच नाही. म्हणजे आत्यांनी धीर करून काष्टा सोडला असता, तरी त्या तपासणीतून काही नीट कळलं नसतं. पन्नास उलटून गेली आणि एकदाही तपासणी नाही, अशा बायकांना ६५ पर्यंत सोडू नका, असं जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. आत्या ६३. अजून दारात आहेत.

घराण्याची धास्ती काढून टाका. जाऊ ही रक्ताची नव्हे, आणि हा कॅन्सर मुळात रक्तातून उतरणाऱ्यातला नाही. त्यांच्या जाऊबाईंना झाला म्हणून आत्यांना होईल असं काही नाही. पण कधीच तपासणी न झालेल्या कुठल्याही बाईइतका धोका आहेच.

काडी मागवण्याआधी आत्यांना तीन गोष्टी विचारा.

पाळी गेल्यावर कधी लाल डाग दिसला का? एकदाच, थेंबभर, गुलाबी पाण्यासारखा दिसला असला तरी. किंवा वास मारणारं पांढरं, पिवळं जातं का? यातलं काही असेल तर घरच्या काडीच्या नादाला लागू नका, सरळ स्त्रीरोगतज्ज्ञांकडे. ही काडी तक्रार नसलेल्या बाईसाठी आहे. एक बाई मला आठवते, ‘पाळी परत आली, तरणी झाले’ म्हणून स्वतःच हसत तीन महिने काढलेली. तुमच्या चुलत सासूबाईंचंही असंच काही झालं असेल का, कुणी विचारलंच नसेल.

दुसरं, ऑपरेशन. पिशवी काढली आहे का? आत्या म्हणतील, ‘माझं ऑपरेशन झालंय, मला काय होतंय.’ आपल्याकडे त्या वयाच्या बायका ऑपरेशन म्हणतात ते नसबंदीचं. त्यात पिशवी जागच्या जागी असते आणि तिचं तोंडही. त्यानं या कॅन्सरपासून काडीचं संरक्षण नाही. पिशवीच काढली असेल आणि तोंडासकट काढली असेल, कारणही कॅन्सरचं नसेल, तर मात्र ही तपासणी लागत नाही. पण काही जणींची पिशवी काढताना तोंड तसंच ठेवलेलं असतं. बाईला ते सांगितलेलं नसतं. डिस्चार्जचा कागद ट्रंकेत सापडला तर डॉक्टरांना दाखवा.

तिसरं, अंग बाहेर येतं का, म्हणजे पिशवी खाली उतरते का? ऊस, भांगलण, डोक्यावरचे हारे यांत जन्म गेलेल्या कितीतरी बायका हे निमूट सोसत असतात आणि वारीही चालतात. तसं असेल तर नमुना सिस्टरकडून घेतलेला बरा, आणि त्या निमित्तानं त्या दुखण्याचंही बघून होईल.

तिन्हींचं उत्तर ‘नाही’ असं आलं, तर पुढं काम सोपं आहे. आदले दोन दिवस आत क्रीम, तेल, खोबरेल काही लावायचं नाही. कोरडेपणामुळं तो मोह होतो. हात धुवायचे. उकिडवं बसायचं, रोज मोरीत बसतात तसं, नाहीतर एक पाय पाटावर ठेवायचा. शहरातल्या बाईला उकिडवं बसायला शिकवावं लागतं, आत्यांना नाही. ब्रशचं टोक बोटाची दोन पेरं आत जाईल इतकं हळू सरकवायचं, थोडं मागच्या बाजूला, कमरेच्या रोखानं. मग कागदावर लिहिलं असेल तितक्या वेळा किंवा तितके सेकंद गोल फिरवायचं. प्रत्येक कंपनीचं थोडं वेगळं असतं, म्हणून आतला कागद आधी तुम्ही वाचा आणि आत्यांना तोंडी सांगा. ब्रश बाहेर काढताना कुठं टेकवायचा नाही, सरळ नळीत. झाकण घट्ट. काष्टा बाजूला सारण्यापलीकडे काही सोडावं लागत नाही. थोडं चुरचुरेल, क्वचित एखादा थेंब रक्त दिसेल. काडी आत अडकून बसेल किंवा पिशवीत जाईल ही भीती हटकून विचारली जाते. जात नाही, वाट पुढं बंद असते. आत्या विचारणार नाहीत, तुम्हीच सांगून टाका.

तुम्ही दाराबाहेर थांबा. त्यांनी ‘ये’ म्हटलं तरच आत.

आता पॉझिटिव्हचं. हे बोलणं नमुना घेण्याआधी व्हायला हवं, नंतर नाही. पॉझिटिव्ह म्हणजे कॅन्सर नव्हे. विषाणू सापडला एवढंच. उस्मानाबादच्या अभ्यासात साधारण दहातल्या एकीची चाचणी पॉझिटिव्ह आली होती, आणि त्यातल्या बहुतेकींना कॅन्सर नव्हता. पुढं दुर्बिणीतून बघतात, त्याला कॉल्पोस्कोपी म्हणतात, लागलं तर कणभर तुकडा तपासायला घेतात. बिघाड सुरुवातीचा निघाला तर तेवढाच भाग जाळून किंवा कापून काढता येतो. काहीच दिसलं नाही तर वर्षा-दोन वर्षांनी पुन्हा तपासणी. त्या दुर्बिणीसाठी टेबलावर झोपावं लागणार, हे आत्यांपासून लपवू नका. ‘शंभर जणींना टेबलावर झोपवण्याऐवजी दहा जणींनाच झोपवायचं, म्हणून ही काडी’ असं सांगा. हिशेब त्यांना पटेल. त्या घरचा बाजार करतात ना?

निगेटिव्ह आली तर पाच वर्षांनी आणखी एकदा. तीही निगेटिव्ह आली की सुट्टी.

आणि भावकी. एचपीव्ही शरीरसंबंधातून येतो, हे खरं आहे. म्हणून तर तुम्हाला मामांची आठवण आली, आणि पत्रात ते वाक्य तसंच अर्धं सोडलंत. ऐका. लग्न झालेल्या बहुतेक साऱ्या बायकांना आणि पुरुषांना आयुष्यात कधी ना कधी हा विषाणू भेटतो. शरीर त्याला बहुधा दोनएक वर्षांत घालवतं. काहींच्यात तो सापडणारही नाही इतका दबून राहतो आणि वय झाल्यावर, ताकद उतरल्यावर पुन्हा वर येतो. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षात आलेला ६३ व्या वर्षी सापडू शकतो. कुणी कुणाला दिला, कधी दिला, हे जगातली कुठलीच चाचणी सांगत नाही. त्यावरून मेलेल्या माणसाचा पंचनामा करायचा नाही आणि जिवंत बाईचाही नाही. भावकीला सांगायचं कारणच काय? रिपोर्ट आत्यांचा. त्या ज्यांना सांगतील त्यांनाच. मोठ्या जाऊबाईंनाही तुमच्याकडून नाही, आणि घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तर मुळीच नाही. नमुना देताना मोबाइल नंबर कुणाचा द्यायचा तेही आत्यांना विचारा, रिपोर्ट त्यावर येतो.

तुमच्या मिस्टरांना आईशी यातलं काही बोलावं लागणार नाही. त्यांनी एवढंच म्हणायचं, ‘आई, मंगळवारी तुम्हा दोघींना दवाखान्यात सोडतो, मी गाडी काढतो.’ आपल्याकडच्या म्हाताऱ्या बायका पैसे आणि पोराचा खाडा या दोनच गोष्टींना भितात. पोरगा आपणहून खाडा करतो म्हटल्यावर निम्मं काम होतं. दिवस मात्र ठरवून टाका. आधी द्राक्षं उतरू देत, मग लग्नसराई, मग वारी, मग गणपती, असं करत वर्ष निघून जातं.

मी ‘दोघींना’ म्हटलं ते मुद्दाम. सासू ६३ ची म्हणजे तुम्ही चाळिशीच्या आगेमागे असणार. तुमची तपासणी झाली आहे का? पत्रात त्याबद्दल अवाक्षर नाही, त्यावरून झाली नाही असंच धरते. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या शंभरातल्या दोन बायकांचीही पिशवीच्या तोंडाची तपासणी कधी झालेली नव्हती. तेव्हा तुम्ही एकट्या नाही, पण आत्यांना उपदेश करायला जाल तर त्यांचा पहिला प्रश्न तोच असेल, ‘तू केलीस का गं?’ दोन काड्या आणा. आधी तुम्ही मोरीत जाऊन या, बाहेर येऊन सांगा कसं वाटलं. माझ्या शंभर शब्दांपेक्षा ते लागू पडेल. लस मात्र तुम्हा दोघींच्या वयाला नको. ती मुख्यतः ९ ते १४ वयाच्या मुलींसाठी. पुण्याच्या सिरमची सर्व्हाव्हॅक आहे, घरात त्या वयाची लेक असेल तर डॉक्टरांना विचारा.

कुठं जायचं? आधी गावच्या आशाताईंना आणि उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांना विचारा. तिशीपुढच्या सगळ्यांचं बीपी, साखर, तोंड, स्तन आणि पिशवीचं तोंड बघायचं, हे त्यांचं कामच आहे. आत्या मिश्री लावत असतील तर तोंड आवर्जून दाखवा. एचपीव्हीची चाचणी मात्र प्रत्येक उपकेंद्रात मिळेलच असं नाही. मिरज, सांगली, कऱ्हाडच्या मोठ्या दवाखान्यांत किंवा लॅबला फोन करून दोन प्रश्न विचारायचे: ‘एचपीव्ही डीएनए चाचणी करता का?’ आणि ‘बाईनं स्वतः घेतलेला नमुना तुमच्या मशीनला चालतो का, आणि काडी तुम्हीच देता का?’ दुसरा प्रश्न चुकवू नका. एका ठिकाणची काडी आणि दुसऱ्या ठिकाणचं मशीन असं केलं तर पैसे आणि नमुना दोन्ही वाया जातात. दरही तेव्हाच विचारा, ठिकाणागणिक फरक असतो. पुढं उपचारांची वेळ आलीच, तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार बसतात. रेशनकार्ड आणि आधार जवळ ठेवा.

आणखी एक, कारण हे माझ्या हातून झालं आहे. एका घरातून आलेल्या दोन नळ्यांवर नुसतं आडनाव होतं. कुठली सासूची, कुठली सुनेची, कळेना. दोघींना पुन्हा बोलवावं लागलं, आणि सासू आलीच नाही. म्हणून नळीत काडी घालायच्या आधी लेबलवर नाव लिहा, आधारवर आहे तसं, पूर्ण. वय आणि तारीखही. आत्यांना सही येत असेल तर त्यांच्या नळीवर त्यांनाच लिहू द्या.